तान्हा पोळा आणि कापसाचा बोळा

तान्ह्या पोळ्याच्या आठवडाभर आधी मी आमच्या गल्लीतल्या एकूण एक घराची बेल वाजवली. गणपतीची वर्गणी मागायला आले असेन असं समजून दोघातिघांनी दार अर्धंच उघडलं. मी चपला काढल्या नाहीत, पाणी घेतलं नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलले. माझी मुलगी यंदा बैल घेऊन येणार आहे. तिच्याकडे बघू नका. हनुवटीला हात लावू नका. काही विचारू नका. बोजारा हातात द्या आणि आत जा. मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. पेपर सुरू व्हायच्या आधी सूचना वाचून दाखवायचा जो एक कोरडा सूर असतो, त्या सुरात मी हे सांगत सुटले होते. लोक मान डोलवत होते. मला वाटलं होतं कुणीतरी वाद घालेल, निदान तोंड वाकडं करेल, आणि मी त्याची तयारीही करून गेले होते. तसं काही झालं नाही. समोरच्या काकू तर म्हणाल्या, काई टेन्शन घेऊ नका बाई, आमी पाहूच नाई तिच्याकडे.

परगावच्यांसाठी सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अमरावतीत पोरांचा पोळा असतो. बैल लाकडाचा, पायाला चाकं, गळ्यात घुंगरू, ओढायला दोरी. पोरं बैल सजवून घरोघर नेतात. घरची बाई बैलाला कुंकू लावते, दोन गोष्टी बोलते, बैल कुठून आणला, नाव काय, कडबा खातो का. मग बोजारा देते, म्हणजे खाऊ किंवा दहा-वीस रुपये. पोरांना रुपयांत रस, बायांना पोरांत. एकूण गोड प्रकार आहे. मला मात्र यंदा पोळा नको होता.

कारण गेल्या वर्षीचा पोळा. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. ती माणसांकडे बघत नाही. घरात आमच्याशी बोलते, कधी कधी फार बोलते, तेच तेच बोलते. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की नजर जमिनीला आणि तोंडाला कुलूप. तिला जायचं होतं, म्हणून नेलं. पहिलंच घर समोरच्या काकूंचं. काकू मनानं फार चांगल्या. त्यांनी कुंकू लावलं, आणि प्रेमानंच तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. "अवो माय, इकडे पाय न, लाजते काऊन?" मुलीनं आधी मान सोडवायचा प्रयत्न केला. मग स्वतःचा हात तोंडात घालून असा चावला, अंगठ्याखालच्या मांसल भागावर, की रक्त आलं. बैल उलटला, त्याचं एक शिंग तुटलं. गल्लीतली पोरं बघत उभी राहिली. मी तिला उचलून घरी आणलं आणि दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत नजर लागल्यापासून लाडावून ठेवल्यापर्यंत सगळी निदानं माझ्या कानावर आली होती.

खरं निदान त्याआधीच झालेलं होतं, पण ते गल्लीत सांगायचं कसं? फ्रॅजाइल एक्स. एक्स गुणसूत्रावर एक छोटासा तुकडा असतो, तो काहींच्यात पुन्हा पुन्हा लिहिला जातो. थोडा वाढला तर माणूस नुसता वाहक, फार वाढला तर मेंदूला हवं असलेलं एक प्रथिन बनायचं कमी होतं किंवा थांबतं. माझ्यात तो थोडा वाढलेला आहे. तिच्यात फार. आणि माझ्याकडे तो बहुतेक माझ्या वडिलांकडून आला. बहुतेक म्हणते, कारण त्यांनी रक्त द्यायला साफ नकार दिला. मला काय करायचं आता तपासून, असं भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगून ते देवपूजेला बसले.

कॅलेंडरला, हे मी उगाच लिहीत नाही. माझे वडील अकोल्यात आयुष्यभर वकिली करून निवृत्त झाले, आणि सगळी वकिली कागदाकडे बघून केली. न्यायाधीश समोर, अशील शेजारी, हे बोलणार मात्र हातातल्या फायलीशी. लोकांना वाटायचं, केवढा अभ्यास. लग्नकार्यात ते मांडवाच्या खांबाशी गप्पा मारतात असं माझी आई हसत सांगायची. अलीकडे त्यांचे हात थरथरतात. कपबशी वाजते. ही थरथरही त्याच तुकड्याची असू शकते, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. मी ते वडिलांना सांगितलं नाही.

डॉक्टर अमरावतीतल्याच, माझ्याहून वयानं लहान, अशा मुलांच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या. पोळ्याच्या महिनाभर आधी त्यांनी मला काचेच्या नळ्या आणि कापसाचे बोळे दिले. काही ताणाचं घडलं की मुलीनं बोळा गालात धरायचा, चांगला भिजला की नळीत टाकायचा, बर्फात ठेवून त्यांच्याकडे पोचवायचा. लाळेत कॉर्टिसॉल असतं, ताणाचं संप्रेरक. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी, आणि अंगावर काही आलं की मध्येच चढतं. चढतं ते साधारण अर्ध्या तासानं लाळेत दिसतं. त्याआधी काही खायचं नाही, नाहीतर नमुना बाद. मी विचारलं, हे मोजून काय कळणार? त्या म्हणाल्या, एका मुलीवरून काहीच सिद्ध होणार नाही, पण अशा पुष्कळ मुलांचं बघायचं आहे. या मुलांच्या शरीरात धोक्याची घंटा लवकर वाजते आणि उशिरा थांबते. समोरच्याच्या डोळ्यांत बघणंसुद्धा त्यांना झेपत नाही. आपल्याला पोर उद्धट वाटतं, त्याचं शरीर मात्र पळायच्या तयारीत असतं.

मग त्या आणखी एक वाक्य बोलल्या. "बघत नाही याचा अर्थ तिला माणसं नको आहेत असा घेऊ नका हं." मी हो हो म्हटलं. तेवढ्यात माझं लक्ष खोलीच्या दाराकडे गेलं होतं, बाहेर मुलगी एकटी बसली होती ना. घंटा वाजते हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. दुसरं वाक्य हवेत राहिलं.

घंटा मला समजत होती, कारण ती माझ्यातही वाजते. एवढी नाही. पण स्टाफरूममध्ये कुणी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं की मी पेनाचं टोपण काढघाल करायला लागते. घरातून निघाले की गॅस बघायला परत येते. नवरा म्हणतो, तू बसतेस तेव्हासुद्धा उठण्याच्या बेतातच असतेस. तो स्वतः नोकरीसाठी अकोल्याला, माझ्याच माहेरी राहतो आणि शनिवारी येतो. घरजावई म्हणून सगळे चिडवतात, त्याला काही वाटत नाही. ज्याच्या अंगात घंटाच नाही असा माणूस मी बरोबर शोधला.

यंदा मी पोळ्याचं नावच काढायचं नाही असं ठरवलं होतं. बैल माळ्यावर होता. तो मुळात माझ्या वडिलांचा, त्यांच्या लहानपणी बार्शीटाकळीच्या सुतारानं करून दिलेला. एका दुपारी मी कॉलेजातून आले तर तो खाली, हॉलच्या मध्यात. मुलीनं स्टुलावर चढून काढला होता. तुटलेलं शिंग फेविकॉलनं चिकटवलं होतं, थोडं तिरकं. चाकांना खोबरेल तेल लावलं होतं, त्यामुळे फरशी तेलकट झाली होती. मी काही बोलायच्या आत ती बैलाकडे बघून म्हणाली, "मी जानार हाये."

झालं. तेव्हापासून मला झोप नाही. नेलं आणि पुन्हा तसंच झालं तर ती परत कधी दाराबाहेर हात सोडणार नाही. नेलं नाही तर स्वतःहून मागितलेली पहिली गोष्ट मी नाकारलेली असेल. म्हणून मी गल्लीचा बंदोबस्त करायला निघाले.

त्या आठवड्यात ती बाथरूममध्ये फार वेळ लावायची. आतून पुटपुटणं ऐकू यायचं. मी दारावर टकटक करून पाणी वाया घालवू नकोस म्हणायची. वडील दोन दिवस आधीच अकोल्याहून आले होते. ते सोफ्यावर पेपर धरून बसलेले असायचे. म्हणायचे, "करू दे तिले, तयारी करून राहिली ते." कसली तयारी, हे विचारायला मला सवड नव्हती. मी बर्फाचा डबा आणला का, नळीवर चिठ्ठी लावली का, कोपऱ्यावरचं घर राहिलं का, यातच होते.

तान्ह्या पोळ्याला आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही, नुसती उमस. नवऱ्याला सुटी मिळाली नव्हती. चार वाजता मुलीनं नवा फ्रॉक घातला, बैलाला झूल चढवली आणि दोरी धरली. खाऊ कोणी दिला तर तोंडात टाकायचा नाही, आबांच्या पिशवीत टाकायचा, नंतर बोळा घ्यायचा आहे, हे मी तिला पुन्हा पुन्हा बजावलं. वडील पिशवी घेऊन तिच्या शेजारी. मी मागे, चार पावलांवर, हातात काही नसल्यामुळे काय करावं ते न कळणारी.

समोरच्या काकूंनी दार उघडलं आणि आढ्याकडे बघायला सुरुवात केली. अगदी मान मागे टाकून. तशाच स्थितीत चाचपडत त्यांनी बैलाच्या कपाळाऐवजी पाठीवर कुंकू लावलं, नोट पुढे केली आणि आत गेल्या. पुढच्या घरच्या आजोबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि पेपराच्या खालून करंजी दिली. तिसऱ्या घरी तर दारात ताट ठेवलेलं, त्यात कुंकू, चिवड्याचा पुडा, आणि पडद्यामागून चार पाय दिसत होते. कोपऱ्यावरच्या घरात नवीन सून आली आहे. तिनं आमच्याकडे चक्क पाठ केली आणि मागे हात करून वीस रुपये दिले. आख्ख्या गल्लीनं माझं शब्दशः ऐकलं होतं. कोणी एक अक्षर बोललं नाही. आमच्याकडच्या माणसाला गप्प बसायला किती कष्ट पडतात हे मला माहीत आहे, आणि त्या क्षणी मला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मुलगी प्रत्येक दाराशी बैल थांबवायची, जमिनीकडे बघत थोडी जास्तच वेळ उभी राहायची, मग वळायची. हात चावला नाही. रडली नाही. बैल उलटला नाही. शेवटच्या घराहून परतताना मी इतकी खूश होते की रस्त्यातच नवऱ्याला फोन लावला. सगळं नीट झालं, कोणी बघितलंसुद्धा नाही, असं मी त्याला दोनदा सांगितलं.

घरी येऊन ती हॉलमध्ये बैलाशेजारी फरशीवर बसली आणि त्याचं एक चाक बोटानं फिरवत राहिली. मी घड्याळ बघत येरझारा घातल्या. वडिलांनी पिशवीतली करंजी काढून खाल्ली. वेळ झाल्यावर मी बोळा तिच्या गालात ठेवला. तिनं मुकाट्यानं धरला, भिजल्यावर नळीत टाकला. मी नळी बर्फात ठेवून वळले, तर ती हुंदका न देता रडत होती. नुसतं पाणी वाहत होतं गालावरून.

"कोनी इचारलंच नाई," ती चाकाला म्हणाली.

मी काय, काय विचारलं नाही, असं करत तिच्याजवळ बसले. मग वडील बोलले, पिशवीकडे बघत. म्हणाले, बैलाचं नाव. आठ दिवस झाले, पोट्टी बाथरूमात घोकून राहिली होती. नाव सांगायची तयारी होती तिची. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, तुले वाटते मी सांगाले पायजे होतं, मले वाटलं तुले माईत हाये. पिशवी त्यांच्या हातात कुरकुरत होती.

"मी कोनाच्या तोंडाकडे पाहू शकत नाई," ते म्हणाले. "जनमभर नाई पाहू शकलो. पन कोनी मले इचारलं नाई, त मले लय लागते."

सत्तरी ओलांडलेल्या माझ्या बापानं स्वतःबद्दल बोललेलं हे मी पहिल्यांदा ऐकलं. रक्त तपासायला जो माणूस नको म्हणाला होता, त्यानं याहून जास्त काय द्यायचं होतं? मला त्यांचाही राग आला, माझाही आला, आणि त्या आढ्याकडे बघणाऱ्या भल्या बाईचाही उगाच आला. मी उठले. म्हटलं, मी जाऊन सांगते सगळ्यांना, पुन्हा विचारा म्हणून. चपला शोधायला लागले. एक सापडली, दुसरी सोफ्याखाली गेली होती. मी ओणवी होऊन ती काढत होते तेव्हा घुंगरू वाजलं. वर बघितलं तर मुलगी बैल घेऊन फाटकाबाहेर.

ती एकटी समोर गेली. काकूंचं दार उघडंच होतं. ती दाराकडे पाठ करून उभी राहिली, तोंड आमच्या बाजूला, डोळे बैलावर. फ्रॉकची बाही तिनं दातांत धरली होती. खांदे वर आले होते. मग तिनं बाही सोडली.

"नाव इचारा," ती म्हणाली. मोठ्यांदा. फटकारल्यासारखं.

काकू बाहेर आल्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, रस्त्यापलीकडे माझ्याकडे बघितलं, परवानगी मागावी तसं. मी एका पायात चप्पल घालून उभी होते. मी मान हलवली. तेव्हा काकू, गुडघेदुखीच्या काकू, खाली बसल्या, बैलाच्या उंचीला येऊन.

"काय नाव हाये बाप्पा याचं?"

"शकुंतला."

"बैलाचं?"

"चाकं हायेत ना त्याले," मुलगी बैलाला म्हणाली.

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून सुटणारी जुनी छोटी रेल्वे. वडील लहानपणी तिच्यात बसून मामाकडे जायचे. आता ती बंद पडली आहे, पण आमच्या घरात अजून धावते. काकू तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी विचारलं, कुठे जाते मग ही गाडी? मुलगी म्हणाली, अचलपूर. आणि तीही हसली. रस्त्याकडे तोंड करून, काकूंकडे पाठ ठेवूनच. मग दोरी ओढून पुढच्या घराकडे निघाली. तिथंही पाठ फिरवली, तिथंही म्हणाली, नाव इचारा. पेपरवाल्या आजोबांना कमी ऐकू येतं, त्यांना तिनं तीनदा सांगितलं. नव्या सुनेनं बैलाला तिकीट मागितलं.

ती परत आल्यावर अर्धा तास थांबून मी दुसरा बोळा घेतला. तो द्यायचं ठरलेलं नव्हतं. पण मला बघायचं होतं. आता तो आकडा खाली आलेला असणार, याची मला खात्री होती. माझी मुलगी बोलली होती, हसली होती. घंटा थांबली असणार.

निकाल बऱ्याच दिवसांनी आले. डॉक्टरांनी मला समोर बसवून दोन्ही दाखवले. पहिल्या फेरीनंतरचा आकडा चढलेला होताच. दुसऱ्या फेरीनंतरचा त्याहून वर. मी म्हटलं, चूक झाली असेल, तिनं मधे काही खाल्लं असेल, बर्फ वितळला असेल. त्या म्हणाल्या, असूही शकतं, एका दिवसावरून मी ठामपणे काही सांगणार नाही. त्या दोन फेऱ्या लागोपाठ होत्या, पहिलीचा परिणामही असेल. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, पण तुम्हाला हे चुकीचंच असायला हवं आहे का?

मी रिक्षानं घरी आले. राजापेठेत गर्दीत अडकले होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हातातल्या पिशवीचा बंद पिळून पिळून तोडला आहे. एवढं सगळं अंगात चालू असताना ती बाहेर गेली होती. छाती धडधडत असताना, पळून जावंसं वाटत असताना, प्रत्येक दाराशी. आणि मी समजत होते की शांत झाल्यावरच माणसाला बोलता येतं. मी स्वतः कधी शांत झाले होते म्हणून?

त्या संध्याकाळी काकू वाटीभर भरीत घेऊन आल्या. त्यांचा आवाज ऐकल्याबरोबर मुलगी नेहमीप्रमाणे आतल्या खोलीच्या दाराआड गेली, बैलासकट. दाराच्या फटीतून तिची पावलं दिसत होती, बोटं आत वळवलेली. काकूंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर आलं होतं, राहू द्या तिला. रोजचंच वाक्य, वर्षानुवर्षं मी ते म्हणत आले. मी ते गिळलं. पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

काकू दाराकडे न बघता, भरताची वाटी टेबलावर सरकवत म्हणाल्या, "शकुंतला आली काय वो अचलपूरहून?"

दाराआड काही हललं नाही. काकू थांबल्या. मी थांबले. थांबणं मला जमत नाही, मला उठावंसं वाटत होतं, पंखा बंद करावासा वाटत होता, काहीतरी बोलावंसं वाटत होतं. पावलं तशीच होती. मग घुंगरू एकदा वाजलं, आणि दाराआडून कोणीतरी ढकललेला तिरक्या शिंगाचा बैल तेलकट चाकांवर एकटाच बाहेर आला, हॉल ओलांडून काकूंच्या पायाशी येऊन थांबला.